हरळी ठेवायची का काढायची

आये, आज सकाळी आमच्या घरी लॉनवाला आला होता. नगरच्या या नव्या वस्तीत प्रत्येक बंगल्यापुढे हातरुमालाएवढी हिरवळ असते, तशी आमच्याही घरापुढे आहे. थंडी सरली, फाल्गुन लागला, की ती पिवळी पडते आणि तिच्यातून लव्हाळ्याचे तेवढे हिरवेगार शेंडे वर येतात. मग सून फोन करते आणि एक तरणा माणूस पाठीला फवारणीचा पंप बांधून येतो. तुझ्यासारखं खुरपं घेऊन उकिडवं बसायला आता कुणाला वेळ नाही. मी बाहेर खुर्ची टाकून उन्हात बसले होते, नात शेजारी पेरू खात उभी होती. तो माणूस हिरवळीत वाकून बघून आला आणि मला म्हणाला, "आजी, ह्यात विलायती गवत हाय, पर मदी मदी हरळी घुसलीय. हरळी ठेवायची का काढायची?" प्रश्न साधा होता. मी उत्तर दिलं, पण ते काय दिलं ते तुला आधी सांगत नाही. बाकीचं सगळं सांगितल्यावर सांगेन. तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच लिहायचा धीर होतो आहे, नाहीतर मी कसली लिहिते.

तिसगावच्या पलीकडे आपलं ते खडकाळ रान होतं, त्यात ज्वारीपेक्षा हरळीच जास्त. चैत्रात तू आणि बाबा कुदळी घेऊन हरळी खणायचात, मुळ्या बांधावर वाळत टाकायचात आणि वाळल्या की जाळायचात. "हरळी आन कुंदा, दोगं मिळून रान खात्यात," असं तू म्हणायचीस. मुळीचं एक पेर राहिलं तरी ती पुन्हा रान धरते, म्हणून तू माती बोटांनी चाळून पाहायचीस. बाबा गेले, रान चुलत्यांकडे गेलं, आणि आपल्या गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनी शब्द टाकला म्हणून मला नगरला मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात जागा मिळाली. तिथे पाळकांच्या मुली होत्या, मास्तरांच्या होत्या, दवाखान्यातल्या नर्सबाईंची एक होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हटलं, बायबलबाई आहे. बायबलबाई म्हणजे गावोगाव फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. स्वच्छ पांढरं पातळ, पायात वहाणा, हातात छत्री, सगळे तिला उठून सलाम करतात. तुझ्या पायात वहाण नव्हती आणि शास्त्र तुला मी सुट्टीत येऊन वाचून दाखवायची. पण खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं. त्या खोट्यात मी तुला एक छत्रीसुद्धा दिली होती, काळी, बांबूच्या मुठीची.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीनंतर तू स्वतःच नगरला आलीस. लढाईचे दिवस होते, धान्य मिळत नव्हतं, आणि तुला माझ्याशिवाय करमतही नव्हतं. मिशनच्या बंगल्याचा म्हातारा माळी तुझ्या माहेरच्या लांबच्या नात्यातला; तुझी लेक इथेच शिकते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने तुला खत वाहायला आणि पाणी धरायला कामावर घेतलं, विहिरीमागच्या चाळीत एक खोली दिली. त्या दिवशी मी कळशी घेऊन विहिरीवर आले तर तू समोर. तू हात पसरलेस आणि मी मागे सरकले. मी म्हटलं, "आये, इथं मला हाक मारू नकोस. कामाच्या माणसांनी बोर्डिंगच्या मुलींशी बोलायचं नाही असा नियम आहे." असा कुठलाही नियम नव्हता. तू हात खाली घेतलेस, पदराला पुसलेस. "नियम हाय तर हाय," तू म्हणालीस. "मला लांबून दिसलीस तरी लई झालं, माजे बाय." मग तुझी कळशी तशीच टाकून तू माझी भरून दिलीस. मी ती उचलली आणि मागे न बघता निघाले.

त्यानंतरचे दोन महिने मी वर्गाच्या खिडकीतून तुला पाहत असे. थंडी ओसरताना माळीमामा आधी शाळेच्या बाजूच्या विलायती हिरवळीची तयारी करायचे. वाळकं गवत दाताळ्याने ओढून काढायचं, शेणखत चाळून पातळ पसरायचं, पाणी सोडायचं, ओल निथळून वाफसा आला की लव्हाळा खुरपायचा आणि मग दगडी रूळ फिरवायचा. रूळ ओढायला तू आणि दुसरा एक गडी. लव्हाळ्याला मात्र मामा कुणाला हात लावू देत नसत, कारण तो वरून उपटला की मुळाची गाठ खालीच राहते आणि एकाचे चार होतात. त्या काळ्या गाठी ते काढून टाकत आणि तू त्या वेचून ओटीत घेत असायचीस. तिकडचे वैदू त्यांना नागरमोथा म्हणतात, केसांच्या शिकेकाईत घालतात. विहिरीवर तू जवळून गेलीस की मला तो वास यायचा, ओल्या मातीचा आणि थोडासा उदासारखा. अजूनही कुठे उटणं कुटलं जात असलं की मी तिथून उठून जाते.

ईस्टरच्या आधीच्या सोमवारी माळीमामांना ताप भरला. मंगळवारी सकाळी मिशनच्या कारकुनाने तुला बोलावलं आणि सांगितलं, "ईस्टरच्या पहाटेची भक्ती बंगल्यापुढे आहे. गावोगावची मंडळी येणार. गवत साफ कर, जागा नीट करून ठेव." एवढं बोलून तो गेला. पायऱ्यांसमोर हिरवळीचा मोठा गोल होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत पंधरा पावलं; मामांनी त्या वर्षी त्याला अजून हात लावला नव्हता. तो गोल सगळा हरळीचा, मामांनी कांड्या लावून वाढवलेला. हे मी आज सांगते आहे. तुझ्या डोळ्यांना त्यात काय दिसलं असेल? थंडीने वाळलेली हरळी, जिला तू जन्मभर खणत आलीस, आणि त्यावर देवाची भक्ती होणार. आपल्या गावी ईस्टरची भक्ती मळणीच्या खळ्यावर व्हायची. आठ दिवस आधी बायका खळं खणून, चोपून, शेणाने सारवून आरशासारखं करायच्या, एक काडी ठेवायच्या नाहीत. तू पदर खोचलास, कुदळ आणलीस आणि गोलाच्या पलीकडच्या, हौदाजवळच्या कडेपासून सुरुवात केलीस.

बोर्डिंगच्या प्रमुख मिससाहेबांनी ते पाहिलं. त्या अमेरिकेहून येऊन वर्षही झालं नव्हतं, मराठी पुस्तकातून शिकलेल्या, म्हणून आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या. त्या टांग्यात बसत होत्या, तीन दिवस खेड्यांवर जायचं होतं. आम्ही चार मुली व्हरांड्यात उभ्या होतो. त्यांनी मलाच हाक मारली. "धावत जा आणि त्या बाईंना सांग, हरळी ठेवावी. केवळ लव्हाळा काढावा. हरळी म्हणजेच आपली हिरवळ आहे." मी "हो मिससाहेब" म्हटलं आणि धावले. पण पाळकसाहेबांची मुलगी माझ्या मागे बघत होती. तुझ्याजवळ गेले असते तर तुझ्या तोंडून "माजे बाय" निघालं असतं, नियम असो नाहीतर नसो. मी वळून पाण्याच्या हौदामागे गेले आणि मनात शंभर अंक मोजले; व्हरांड्यातून मी तुझ्याजवळच गेल्यासारखी दिसले असेन. तू मान वर केलीस, मला पाहिलंस आणि हसलीस. मी चोरून तुला भेटायला आले असं तुला वाटलं. मी हसले नाही. परत येऊन म्हटलं, "सांगितलं, मिससाहेब." टांगा गेला.

तीन दिवस, आये. मला एक दिवस नव्हे, तीन दिवस मिळाले होते. भूगोलाच्या तासाला मी खिडकीतून पाहत होते आणि गोल कडेकडून तपकिरी होत आत सरकत होता. तू वीतभर खोल खणत होतीस, मुळ्या झटकून पाटीत टाकत होतीस, लव्हाळ्याच्या गाठी वेगळ्या काढत होतीस. इतर लोक बघत होते, पण मिससाहेबांनीच सांगितलं असणार असं समजून कुणी बोललं नाही. मधल्या सुट्टीत मी दोनदा पायऱ्यांपर्यंत आले. दोन्ही वेळा कुणीतरी मुलगी बरोबर होती, आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, आता काय, अर्धं तर खणून झालंय. पुढे मी मुख्याध्यापिका झाले तेव्हा खोटं बोलणाऱ्या मुलींना फार कडक शिक्षा करत असे. माझी ख्याती होती त्याबद्दल. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गुरुवारी संध्याकाळी टांगा फाटकातून आत आला तेव्हा तू गोलाच्या मधोमध बसून शेणाने सारवत होतीस. जमीन धुमसाने चोपून गुळगुळीत केली होती, अर्ध्याहून जास्त सारवून झालं होतं, आणि तुझ्या हाताची अर्धवर्तुळं एकाला एक लागून उमटली होती. फार सुंदर सारवलं होतंस. मिससाहेब टांग्यातून उतरल्या आणि पायरीवरच बसल्या. मग त्यांनी मला बोलावलं, तुझ्यासमोर उभं केलं आणि तुला विचारलं, "मी या मुलीबरोबर निरोप पाठवला होता. तिने तो तुम्हाला दिला नाही काय?"

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझे हात कोपरापर्यंत शेणात होते. तू आधी माझ्याकडे पाहिलंस, मग हौदाकडे पाहिलंस, आणि तुला सगळं कळलं. मी तुझ्या तोंडावर ते कळताना पाहिलं. मग तू उभी राहिलीस आणि मिससाहेबांना म्हणालीस, "व्हय जी. ह्या ताईंनी सांगितलं हुतं. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

ताई म्हणालीस तू मला.

मिससाहेब वाईट नव्हत्या. "तुम्हाला ठाऊक नसतं तर मी काहीच म्हटलं नसतं," त्या म्हणाल्या. "परंतु सांगितलेलं ऐकून न ऐकणं, हे मला चालणार नाही. ईस्टरनंतर तुम्ही येऊ नका." म्हणजे तू खरं बोलली असतीस तर तुझं काम राहिलं असतं, खोली राहिली असती, मी खिडकीतून दिसत राहिले असते. एक वाक्य होतं ते, आणि ते मी बोलायचं होतं. तू पुन्हा खाली बसलीस आणि उरलेलं सारवून पुरं केलंस, कारण अर्धं सारवलेलं खळं तू कधी ठेवलं नव्हतंस.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, देवळात पाळकसाहेब शिष्य पेत्राने कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं त्यावर बोलले. मी पहिल्या बाकावर होते. पेत्राला निदान कोंबडा आरवून सांगतो, मला कुणी काही सांगितलं नाही. मी ठरवलं, ईस्टरच्या भक्तीनंतर सांगायचं. ईस्टरच्या पहाटे गावोगावची मंडळी आली, बायका त्या सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या, आणि एक म्हातारी जमिनीवरून हात फिरवत मोठ्याने म्हणाली, "लई ग्वाड केलंय बाई कुनी, आपल्या गावच्या खळ्यावर बसल्यागत वाटतंय." मिससाहेबांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. मी गात होते, पुढे उभी राहून. तू मागे, चाळीच्या माणसांत बसली होतीस आणि माझ्याकडे बघून तुझे ओठ हलत होते, कारण ते गाणं मीच तुला शिकवलं होतं.

भक्तीनंतर तू सगळ्यांना पाणी देत फिरत होतीस. माझ्याजवळ आलीस तेव्हा पाळकसाहेबांची मुलगी माझ्या शेजारी होती. ती बोलक्या स्वभावाची, तिच्या मनात काही नव्हतं. तिने पेला घेता घेता तुला विचारलं, "मावशी, तुम्ही तिसगावकडच्या ना? हिची आईपण तिकडचीच आहे. बायबलबाई आहे ती. पांढरं पातळ नेसते, छत्री घेऊन फिरते. तुम्ही ओळखता का?" त्या क्षणी तुला कळलं की नियम कसला होता. मी तुझ्या पायांकडे पाहत होते, त्या भेगांत अजून शेण वाळलेलं होतं. तू म्हणालीस, "वळखते की. लई चांगली बाय हाय." आणि पुढच्या माणसाला पाणी द्यायला गेलीस.

दुपारी तू गेलीस. तुझ्या भावाच्या गावचे लोक बैलगाडी घेऊन आले होते, त्यांच्याबरोबर. फाटकाशी आम्ही मुली पाहुण्यांना निरोप देत उभ्या होतो. तू उतरून पुन्हा मागे आलीस आणि माझ्या हातात फडक्याची एक पुरचुंडी दिलीस. त्या तीन दिवसांत काढलेल्या गाठी होत्या, धुऊन वाळवलेल्या. "ताई, केसाला लावा," तू म्हणालीस. "आन चांगला अब्यास करा." मला वाटलं, आता तरी रागावशील, डोळे वटारशील, पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर बघते म्हणशील. तू रागावली असतीस तर मी रडले असते, आणि रडले असते तर सगळं बाहेर पडलं असतं. पण तू मला आदराने बोललीस. तुझ्यावर मला राग कधी आला असेल तर तो एवढाच आहे.

इथपर्यंतचं कदाचित तू माफ केलं असशील. यापुढचं तुला ठाऊक नाही. श्रावणात तो गोल पुन्हा हिरवा झाला. तुझ्या हातून मुळीचं पेर राहिलंच होतं, आणि हरळी काय, सारवलेलं खळंसुद्धा फोडून वर येते. पण या वेळी ती अशी आली की माळीमामा काठी टेकत बघायला आले. खालपर्यंत माती मोकळी झाली होती, शेण मिळालं होतं, आणि लव्हाळ्याचं एक पातं नव्हतं. बंगल्याला अशी हिरवळ कधी झाली नव्हती. मिससाहेब तिच्यावर अनवाणी चालल्या. मग आमच्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईंशी मी कठोर वागले. मला त्यांना परत बोलवायचं आहे. त्या कुठे असतील, कुणाला ठाऊक आहे का?" माळीमामांना त्यांनी आधीच विचारलं होतं. मामांना एवढंच ठाऊक होतं की तू भावाकडून निघून गेलीस. मला मात्र ठाऊक होतं. तुझ्या भावाने पाळकांकडून लिहून घेऊन मला पत्र पाठवलं होतं, की तू कोपरगावच्या बाजूला उसाच्या मळ्यात कामाला गेली आहेस, पाटाच्या कडेला उसाच्या पाचटाची कोप करून राहतेस. पत्र माझ्या भूगोलाच्या पुस्तकात होतं. मिससाहेब माझ्यासमोरून गेल्या, एकेकीकडे पाहत गेल्या. ते पत्र दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कुणी लिहिलं? मी पुस्तकावर हात ठेवून बसले.

त्या पाटाच्या पाण्यावर डास फार, हिवतापाने माणसं पटापट जायची. नाताळच्या आधी तुझी बातमी आली. तुला तिथेच पुरलं होतं, जागा नीट कुणाला सांगता आली नाही. मोठी झाल्यावर मी दोनदा जाऊन शोधली, राहात्यापर्यंत पाटाच्या काठाने चालले. सगळीकडे ऊस होता. बोर्डिंगात मी म्हटलं, दूरच्या मावशी वारल्या. तीन दिवस शाळेत गेले नाही तेव्हा पोट दुखतंय म्हटलं. तुझ्यासाठी मला मोकळेपणी रडताही आलं नाही, आणि तेही माझ्याच करणीने.

पुढे लग्न झालं, मुलगा झाला, हे गेले. सगळ्यांना तू बायबलबाई म्हणूनच ठाऊक आहेस. मुलाने देवळात तुझ्या नावाने बाक दिला, त्यावर तसंच कोरलं आहे. दर रविवारी मी त्या बाकाच्या मागच्या बाकावर बसते.

आज सकाळी त्या माणसाने विचारलं तेव्हा मी शेवटी म्हटलं, "हरळी ठेव. विलायती गवत उन्हाळ्यात जळेल, ही जळणार नाही. औषध मारू नकोस. पाणी सोड, वाफसा येऊ दे, मग लव्हाळा खुरप्याने मुळाच्या गाठीसकट काढ." तो हसला. "आजी, तुमाला लई माहिती," म्हणाला. नातीनेही पेरू खायचा थांबवून विचारलं, "आजी, तुला हे कुणी शिकवलं गं?" तिचे डोळे तुझे आहेत, आये. तिथे आम्ही तिघेच होतो. कुणी हसणार नव्हतं, कुणी काढून टाकणार नव्हतं. बहात्तर वर्षांची आहे मी.

मी म्हटलं, पुस्तकात वाचलं होतं.